विधेयक अडतं कुठे? वॉशिंग्टन, मुंबई आणि चेन्नई

एग्मोरमध्ये इथे समोर बसलेल्यांना नमस्कार, आणि जे मोबाईलवर किंवा पुढे ई-पुस्तकात ही मालिका वाचणार आहेत त्यांनाही.

आजचा विषय शाळेच्या नागरिकशास्त्रात दोन पानांत संपतो. अध्यक्षीय पद्धत आणि संसदीय पद्धत, दोघांतले पाच फरक लिहा, पाच गुण. ते फरक आपण कधीच पाठ केले आहेत. आज मला वेगळा प्रश्न विचारायचा आहे: एखादा कायदा व्हायला हवा असं लोकांना वाटतं आणि तो होत नाही, तेव्हा तो नेमका कुठे अडलेला असतो? आणि नको असलेला कायदा येत असेल, तर तो थांबवायला कुठे उभं राहायचं? दोन्ही पद्धतींत या प्रश्नांची उत्तरं वेगळी आहेत.

सुरुवात जवळूनच करू. या एग्मोरमध्येच कॉनेमारा ग्रंथालय आहे, १८९६ सालचं. देशात पुस्तक छापलं की प्रकाशकाने ३० दिवसांच्या आत त्याची प्रत ज्या ग्रंथालयांना पाठवायची असते, त्या चारांपैकी हे एक. दुसरं आपल्या मुंबईत आहे, बाकीची कोलकात्यात आणि दिल्लीत. हे कशामुळे? संसदेने १९५४ मध्ये केलेल्या एका छोट्याशा कायद्यामुळे. म्हणजे कायदा ही काही फक्त कोर्टात भेटणारी गोष्ट नाही. कपाटात रचलेली पुस्तकं हासुद्धा कायद्याचाच परिणाम असतो. असा कायदा जन्माला येतो कसा, ते पाहू. तीन ठिकाणं पाहू या: विधेयक मांडलं जातं ते ठिकाण, मतदान होतं ते ठिकाण, आणि सही होते ते ठिकाण.

पहिलं ठिकाण. विधेयक मांडतं कोण?

अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाला विधेयक मांडता येत नाही. हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटतं. त्याचे मंत्रीही मांडू शकत नाहीत, कारण ते काँग्रेसचे सदस्यच नसतात. राष्ट्राध्यक्ष भाषणात मागणी करील, मसुदा तयार करून देईल, पण तो मांडायला प्रतिनिधीगृहाच्या ४३५ पैकी किंवा सिनेटच्या १०० पैकी कुणीतरी सदस्य लागतो. ज्याला सगळं जग ‘ओबामाकेअर’ म्हणतं, तो २०१० चा आरोग्यविम्याचा कायदाही काँग्रेसच्या सदस्यांच्या विधेयकांतून, समित्यांतून, एक वर्षाहून अधिक काळ रखडत, वाकत, बदलत बाहेर आला. प्रतिनिधीगृहातलं शेवटचं मतदान होतं २१९ विरुद्ध २१२.

आपल्याकडे उलटं. मंत्री हा सभागृहाचाच सदस्य, आणि विधेयक बहुतेक वेळा तोच मांडतो. त्यामागे मंत्रिमंडळाचा निर्णय असतो, आणि मंत्रिमंडळामागे बहुमत असतं. म्हणून सरकारी विधेयक सभागृहात आलं की त्याचा निकाल साधारण आधीच लागलेला असतो.

मग साध्या खासदाराने काय करायचं? त्यालाही खासगी विधेयक मांडता येतं. शुक्रवारी दुपारी त्यासाठी वेळ राखून ठेवलेला असतो. पण स्वातंत्र्यानंतर अशी फक्त १४ विधेयकं कायदा झाली, आणि त्यांतलं शेवटचं १९७० साली. तमिळनाडूचंच उदाहरण घ्या. द्रमुकचे राज्यसभा सदस्य तिरुची शिवा यांनी तृतीयपंथीयांच्या हक्कांचं खासगी विधेयक आणलं. २४ एप्रिल २०१५ रोजी राज्यसभेने ते मंजूर केलं. कित्येक वर्षांत प्रथमच एखाद्या सभागृहाने खासगी विधेयक मंजूर केलं होतं. पण ते लोकसभेतून पुढे गेलं नाही. सरकारने स्वतःचं वेगळं विधेयक आणलं आणि शेवटी २०१९ मध्ये कायदा झाला तो सरकारच्या मसुद्याचा. कल्पना खासदाराची असू शकते, शब्द मात्र मंत्रालयाचे असतात.

आता इथे एक मोठी गोष्ट आठवते, ती बाबासाहेबांची. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी या दोन पद्धतींची तुलना केली होती. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: लोकशाहीच्या कार्यकारी मंडळात दोन गुण हवेत, स्थैर्य आणि जबाबदारी. दोन्ही सारख्या प्रमाणात देणारी पद्धत अजून कुणाला सापडलेली नाही. अमेरिकेची पद्धत स्थैर्य जास्त देते, आणि संसदीय पद्धतीत सरकारला रोजच्या रोज सभागृहाला उत्तर द्यावं लागतं. मसुद्याने दुसरी बाजू निवडली.

तीन वर्षांत त्याच बाबासाहेबांना या पद्धतीची दुसरी बाजू अनुभवावी लागली. ते कायदामंत्री होते. हिंदू कोड बिल त्यांनी जिवापाड सांभाळलं होतं. स्त्रियांना वारसा, घटस्फोट, दत्तक या बाबतींत हक्क देणारं ते विधेयक. मतदानात ते पडलं नाही. सरकारनेच ते पुढे नेणं थांबवलं, आणि सप्टेंबर १९५१ मध्ये आंबेडकरांनी राजीनामा दिला. पुढे १९५५-५६ मध्ये त्याच विषयांवर चार वेगवेगळे कायदे झाले. यातून काय समजतं? संसदीय पद्धतीत विधेयकाचा सगळ्यात कठीण उंबरठा सभागृहाचा नसतो, मंत्रिमंडळाचा असतो. तिथे एकमत नसेल तर खुद्द कायदामंत्रीही काही करू शकत नाही.

दुसरं ठिकाण, मतदानाचं.

जुलै २०१७ मध्ये अमेरिकेत ओबामाकेअर मोडीत काढण्याचा प्रयत्न झाला. राष्ट्राध्यक्ष ट्रम्प, दोन्ही सभागृहांत त्यांच्या रिपब्लिकन पक्षाचं बहुमत. सगळं हातात. तरीही सिनेटमध्ये ते विधेयक ४९ विरुद्ध ५१ मतांनी पडलं, कारण तीन रिपब्लिकन सिनेटरांनी विरोधात मत दिलं. त्यांतले एक जॉन मकेन. या मतामुळे त्यांची खुर्ची गेली का? नाही. पक्ष चिडला, राष्ट्राध्यक्ष चिडले, पण सिनेटर म्हणून ते अखेरपर्यंत राहिले. आणि सरकारही पडलं नाही. राष्ट्राध्यक्षाची मुदत ठरलेली, सिनेटरची मुदत ठरलेली. कुणाचंच आसन कुणाच्या मतावर टेकलेलं नाही, म्हणून मत मोकळं.

आपल्याकडे १९८५ सालच्या ५२ व्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची आली, म्हणजे पक्षांतरबंदी. पक्षाने काढलेल्या व्हिपच्या विरोधात मत दिलं तर सदस्यत्व जाऊ शकतं. ‘आयाराम गयाराम’ थांबावं म्हणून ती आणली, हेतू समजण्यासारखा आहे. पण व्हिप फक्त विश्वासदर्शक ठरावापुरता नाही, साध्या विधेयकालाही तो लागू होतो. आमदाराला विधेयकातलं एखादं कलम आपल्या तालुक्याला मारक वाटलं, तरी हात वर करायचा तो पक्ष सांगेल तेव्हाच. आणि मंडळी, महाराष्ट्रात २०२२ पासून आपण जे पाहिलं त्यानंतर ‘पक्षांतर थांबलं’ असंही कुणी म्हणणार नाही. म्हणजे गट फुटतात ते फुटतातच, एकट्या सदस्याचं स्वतंत्र मत तेवढं गेलं.

म्हणूनच समित्या महत्त्वाच्या. अमेरिकेत बहुतेक विधेयकं समितीतच मरतात, आणि जी जगतात ती तिथे घासूनपुसून निघतात. आपल्याकडे १९९३ पासून संसदेत खात्यांनुसार स्थायी समित्या आहेत. तिथे कॅमेरे नसतात, व्हिप नसतो. सत्ताधारी आणि विरोधक तज्ज्ञांना बोलावून एकेक कलम पाहतात. पण विधेयक समितीकडे पाठवणं सक्तीचं नाही. पंधराव्या लोकसभेत सुमारे ७१ टक्के विधेयकं समित्यांकडे गेली होती, सतराव्या लोकसभेत सुमारे १६ टक्के.

याचा परिणाम वेगावर दिसतो. तीन कृषी कायदे घ्या. जून २०२० मध्ये वटहुकूम, सप्टेंबरमध्ये संसदेची मंजुरी. समितीकडे पाठवा ही मागणी मान्य झाली नाही. मग वर्षभर दिल्लीच्या वेशीवर आंदोलन, आणि २९ नोव्हेंबर २०२१ रोजी एकाच दिवशी दोन्ही सभागृहांनी चर्चेविना कायदे मागे घेतले. तुम्ही त्या कायद्यांच्या बाजूचे असा की विरोधातले, एक गोष्ट दोघांनाही खटकायला हवी. आणताना पुरेशी चर्चा नाही, काढताना तर चर्चाच नाही. अमेरिकेत एवढ्या वेगाने ना आणता आलं असतं, ना काढता आलं असतं. तिथे सिनेटमध्ये बहुतेक विधेयकांवरची चर्चा थांबवायलाच ६० मतं लागतात.

पण वेग कमी म्हणजे पद्धत चांगली, असंही समजू नका. पैशाच्या बाबतीत बघा. आपल्याकडे अर्थसंकल्प लोकसभेत नामंजूर झाला तर सरकारला जावंच लागतं. नवं सरकार येईल, नाहीतर निवडणूक होईल, पण कोंडी फुटते. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षही जात नाही, काँग्रेसही जात नाही, आणि पैसा मंजूर होत नाही. मग सरकारी कार्यालयं बंद. १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर २०२५ या काळात ४३ दिवस असं झालं. लाखो कर्मचारी पगाराविना. भांडण वरच्यांचं आणि चूल बंद कारकुनाची.

आता महाराष्ट्राचं उदाहरण, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं. जादूटोणाविरोधी कायदा. डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांचे सहकारी या कायद्यासाठी वर्षानुवर्षं झटत होते. विधेयक डिसेंबर २००५ मध्ये विधानसभेने मंजूर केलं. महाराष्ट्रात दोन सभागृहं आहेत, २८८ जणांची विधानसभा आणि ७८ जणांची विधान परिषद. परिषदेत ते अडकलं. पुन्हा मसुदे झाले, कलमं गाळली गेली, आश्वासनं मिळाली. दर अधिवेशनाला ‘या वेळी नक्की’ असं म्हणायचं आणि अधिवेशन संपायचं. लक्षात घ्या, त्या सगळ्या वर्षांत हे विधेयक कुठल्याही सभागृहात मतदानाने पाडलं गेलं नाही. कुणी उघडपणे उभं राहून ‘मी याच्या विरोधात मत देतो’ अशी नोंद करायची वेळच आली नाही. ते नुसतं पुढे ढकललं गेलं.

२० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांचा खून झाला. २४ ऑगस्टला वटहुकूम निघाला. डिसेंबरमध्ये दोन्ही सभागृहांनी विधेयक मंजूर केलं. आठ वर्षं जे होत नव्हतं ते चार दिवसांत झालं. म्हणजे घटनेत, नियमांत काहीच अडथळा नव्हता. इच्छा नव्हती. आणि ती इच्छा नाही याची जबाबदारी कुणा एकाच्या नावावर मांडायची सोय नव्हती. संसदीय पद्धतीवर माझा सगळ्यात मोठा आक्षेप हाच आहे. तिथे नकार दिसत नाही. अमेरिकेतही समितीत विधेयकं गुपचूप मरतात, हे खरं. पण नावानिशी मतदान झालं की प्रत्येक सदस्याचं नाव आणि मत नोंदलं जातं, आणि पुढच्या निवडणुकीत त्याच्यापुढे ते नाचवलं जातं. आपल्याकडे बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर होतात. ‘होय’चं बहुमत आहे, असं अध्यक्ष सांगतात, आणि कोण काय म्हणालं हे कागदावर उरत नाही.

तिसरं ठिकाण, सहीचं. इथे चेन्नईची गोष्ट आली.

अमेरिकेच्या घटनेत सहीचा हिशोब स्पष्ट लिहिला आहे. विधेयक राष्ट्राध्यक्षाकडे गेलं की रविवार सोडून दहा दिवस. सही करा, किंवा कारणं लिहून परत पाठवा. काहीच केलं नाही आणि काँग्रेस चालू असेल, तर सहीशिवाय कायदा होतो. काँग्रेस उठलेली असेल तर विधेयक मरतं, त्याला ‘पॉकेट व्हेटो’ म्हणतात. परत आलेलं विधेयक दोन्ही सभागृहांनी दोन तृतीयांश मतांनी पुन्हा मंजूर केलं तर राष्ट्राध्यक्षाचा नकार संपला. फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी ६३५ वेळा नकार दिला, काँग्रेसने त्यांतले ९ मोडून काढले. नकाराधिकार तिथे खराखुरा आहे, कारण तो माणूस लोकांनी निवडून दिलेला आहे.

संसदीय पद्धतीत सही ही मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने व्हायची गोष्ट. ब्रिटनमध्ये राजमुकुटाने संसदेच्या विधेयकाला शेवटचा नकार दिला तो १७०८ मध्ये. आपल्याकडे १९५१ मध्येच हा प्रश्न उभा राहिला, तोही हिंदू कोड बिलावरूनच. राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांना आपण स्वतःच्या मताने वागावं असं वाटत होतं. नेहरूंनी कायदेपंडितांचा सल्ला घेतला. एक होते ॲटर्नी जनरल सेटलवाड, दुसरे या मद्रासचे अल्लादी कृष्णस्वामी अय्यर. दोघांचंही मत पडलं की राष्ट्रपतींनी मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच वागायचं. तरी आपल्या घटनेत एक फट राहिली: सहीला मुदत नाही. १९८६ मध्ये संसदेने मंजूर केलेलं टपाल विधेयक राष्ट्रपती झैलसिंग यांनी ना सही केलं, ना परत पाठवलं. ते नुसतं ठेवून दिलं.

आता राज्यांकडे या. बैलांची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूचं जल्लिकट्टू आणि आपली बैलगाडा शर्यत दोन्ही थांबवलं. जानेवारी २०१७ मध्ये मरीनावर तरुणांचा समुद्र लोटला. २१ जानेवारीला वटहुकूम निघाला. प्राण्यांवरील क्रौर्याचा विषय समवर्ती सूचीत, केंद्राचा १९६० चा कायदा आधीच होता, म्हणून केंद्राची संमती लागत होती. ती मिळाली. २३ जानेवारीला फोर्ट सेंट जॉर्जमधल्या विधानसभेने विधेयक मंजूर केलं आणि ३१ जानेवारीला राष्ट्रपतींची मान्यता. वटहुकूमापासून दहा दिवस. गंमत म्हणजे त्या वेळी तमिळनाडूचा अतिरिक्त कार्यभार महाराष्ट्राच्याच राज्यपालांकडे, विद्यासागर राव यांच्याकडे होता. महाराष्ट्रानेही त्याच वर्षी बैलगाडा शर्यतीसाठी तसाच कायदा केला. १८ मे २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तमिळनाडू, महाराष्ट्र आणि कर्नाटक या तिन्ही राज्यांचे कायदे वैध ठरवले.

आणि त्याच किल्ल्यातून निघालेली दुसरी विधेयकं बघा. तमिळनाडू विधानसभेने २०२० पासून मंजूर केलेली काही विधेयकं, त्यांतली बहुतेक विद्यापीठांच्या कुलगुरूंच्या नेमणुकीबद्दलची, राजभवनात पडून होती. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्यपाल आर. एन. रवी यांनी दहा विधेयकांची संमती रोखली. १८ नोव्हेंबरला विधानसभेने खास अधिवेशन घेऊन ती पुन्हा मंजूर केली. मग राज्यपालांनी ती राष्ट्रपतींसाठी राखून ठेवली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ८ एप्रिल २०२५ रोजी दोन न्यायाधीशांच्या पीठाने सांगितलं की या दहा विधेयकांना संमती मिळाली असंच मानलं जाईल, आणि यापुढच्यांसाठी मुदतीही घालून दिल्या. राज्यपालांच्या सहीविना कायदे राजपत्रात आले.

मग मे महिन्यात राष्ट्रपतींनी न्यायालयाला १४ प्रश्न विचारले. २० नोव्हेंबर २०२५ रोजी पाच न्यायाधीशांनी मत दिलं: घटनेत नसलेली मुदत न्यायालय घालू शकत नाही, आणि ‘संमती मिळाली असं मानणं’ही न्यायालयाला करता येत नाही. पण राज्यपालांनाही विधेयक परत न पाठवता नुसतं रोखून धरता येणार नाही, आणि कारण न देता बेमुदत बसून राहिल्यास न्यायालय त्यांना ‘निर्णय घ्या’ एवढं सांगू शकतं.

दहा दिवस आणि तीन-चार वर्षं. विधानसभा तीच, घटना तीच. फरक कशाचा? पहिल्या वेळी राज्य आणि केंद्र दोघांनाही कायदा हवा होता. दुसऱ्या वेळी दोघं समोरासमोर होते. मग जी सही संसदीय पद्धतीत औपचारिक असायला हवी, ती अध्यक्षीय पद्धतीतल्या नकारासारखी वापरता येते. फक्त अमेरिकेत त्या नकाराला दहा दिवसांची मुदत आहे, लेखी कारण आहे आणि तो मोडून काढायचा मार्ग आहे. आणि नकार देणारा दर चार वर्षांनी मतदारांना सामोरा जातो. राज्यपालांना केंद्र नेमतं. या एका जागी आपण दोन्ही पद्धतींतलं गैरसोयीचं तेवढं उचललं आहे.

मग आपण अध्यक्षीय पद्धत घ्यावी का? ही मागणी अधूनमधून होते. माझं मत, नको. ४३ दिवस कार्यालयं बंद ठेवणं आपल्या देशाला परवडणार नाही. आणि रोजच्या रोज प्रश्न विचारता येतील असं सरकार ही बाबासाहेबांनी केलेली निवड मला आजही बरोबर वाटते. पण पद्धत न बदलता दुरुस्तीला पुष्कळ जागा आहे. व्हिप विश्वासदर्शक ठराव आणि अर्थसंकल्पापुरता ठेवावा. महत्त्वाचं विधेयक समितीकडे गेलंच पाहिजे. मतांची नोंद नावानिशी व्हावी. आणि राज्यपालांच्या सहीला घटनादुरुस्ती करूनच मुदत घालावी, कारण न्यायालय ती घालू शकत नाही हे आता स्पष्ट झालं आहे.

आणि तुम्ही-आम्ही काय करायचं? अमेरिकेत माणूस आपल्या भागाच्या प्रतिनिधीला फोन करतो, कारण त्याचं मत खरंच वळू शकतं. आपल्याकडे सभागृहात विधेयक आल्यावर आमदाराला पत्र लिहिणं म्हणजे बैल गेला आणि झोपा केला. आपली वेळ त्याच्या आधीची, मसुदा मंत्रालयात असतानाची. २०१४ मध्ये केंद्राने धोरण ठरवलं की विधेयकाचा मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवावा. तो कायदा नाही, धोरण आहे, त्यामुळे ते अनेकदा पाळलं जात नाही. पण मसुदा येतो तेव्हा तो वाचा. मराठी मंडळांनी, शिक्षकांच्या संघटनांनी, महिला गटांनी वाचावा, एकत्र बसून कलमागणिक दोन ओळींची हरकत लिहावी. नाहीच आला मसुदा, तर ‘का नाही ठेवला’ हे विचारणारं पत्र तरी जावं. नकार आणि चालढकल कागदावर आणणं, एवढं तरी आपल्या हातात आहे.

१९५४ च्या त्या पुस्तकांच्या कायद्याने प्रत्येक छापील पुस्तकाची एक प्रत जपायची सोय केली. तशी प्रत्येक विधेयकावरच्या प्रत्येक मताची नोंद जपली जावी, एवढी मागणी काही फार नाही.

पुढच्या भागात वटहुकमांवर बोलू. आता प्रश्न घेऊ या. मागच्या बाजूने सुरुवात करू, तिथल्यांना नेहमी शेवटी माईक मिळतो.